कंठातली ठेव



या सदरातून घरसंसारातील नाना विषयांवर आपली बोलणी होत असतात. आज बोलावयाचे आहे ते गाण्याविषयी. हे वाचताच काही वाचक मनाशी म्हणतील, "आम्हांस गळा नाही, तालसुरांचे ज्ञान नाही; हे पान आमच्यासाठी नव्हे." त्यांना माझी विनंती एवढीच की, पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. गळा मलाही नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला नुसते ओठ हलवावयास सांगत. तेव्हा हा लेख गवयांसाठी नसून आपणांसारख्या बेसूर माणसांसाठीच लिहिला आहे, असे समजावे.

गाणे दोन प्रकारचे असते. एक दुसऱ्यास ऐकविण्याचे आणि दुसरे आपल्यापुरते. पहिल्यास विद्या लागते, रियाज लागतो, श्रोते लागतात. दुसऱ्यास यांतील काहीच लागत नाही. दळताना, मूल निजविताना, पहाटे देवापुढे दिवा लावताना आपल्या घरोघरी जे गाणे चाले, ते या दुसऱ्या जातीचे. ते कोणी ऐकावे म्हणून गायिले जात नव्हते; ते गायिल्याने गाणाऱ्याचे मन हलके होई, एवढेच त्याचे प्रयोजन. हे गाणे आता घरांतून हळूहळू नाहीसे होत आहे. ते नाहीसे झाल्याने आपण काय गमावतो, हे मला पुस्तकांतून कळले नाही. ते माझ्याच घरात, आणि थोड्या उशिरा, कळले.

माझी आई सातारा जिल्ह्यातील एका लहान गावची. तिच्या लहानपणी घरात जाते होते. पहाटे आजी दळावयास बसे, तेव्हा आई तिच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत ओव्या ऐके. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जाते परसात जाऊन पडले. परंतु ओव्या आईच्या ओठांवर राहिल्या. तांदूळ निवडताना, भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती त्या स्वतःशीच म्हणे. जात्यावरच्या ओवीची एक मोठी गोड रीत आहे, ती ज्यांनी ऐकली असेल त्यांना ठाऊकच असेल. गाणारी स्त्री आपल्या माणसांची नावे ओवीत गुंफते. ओवी आईकडून लेकीकडे येते आणि येताना तिच्यातील नावे बदलतात. आजीच्या एका ओवीत मामाचे नाव होते. माझ्या जन्मानंतर आईने त्या जागी माझे नाव घातले, आणि पुढे तीस वर्षे ती ओवी ती तशीच म्हणत आली.

नोकरीच्या निमित्ताने मी दिल्लीस आलो आणि वडिलांच्या पश्चात आईही आमच्याकडे राहावयास आली. घर दोन खोल्यांचे. माझे काम भाषांतराचे. ते पुष्कळदा घरी आणून पहाटे करावे लागते. या कामात एक शब्द अडला की सारे वाक्य अडून बसते. अशा वेळी स्वयंपाकघरातून आईचा स्वर येई आणि मी आतूनच म्हणे, "आई, जरा हळू." ती तत्काळ गप्प होई. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मात्र पुढे पुढे मी घरी असताना ती गाईनाशी झाली, आणि खेदाची गोष्ट अशी की, ते माझ्या ध्यानातही आले नाही.

२०२२ च्या जानेवारीत एका सकाळी तिच्या उजव्या हातातून चहाचा पेला गळून पडला. थंडीने हात बधिरला असेल, असे समजून आम्ही तो शेकीत बसलो आणि दोन-तीन घटका वाया घालविल्या. रुग्णालयात नेले तेव्हा कळले की, मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकून तिला पक्षाघात झाला आहे. प्राण वाचले, पुढे हातापायांत थोडी शक्तीही आली. परंतु वाचा गेली. वैद्यकात यास वाचाघात म्हणतात. आपण बोललेले तिला बहुतांशी समजे, काय सांगावयाचे तेही तिला ठाऊक असे. पण शब्द जिभेवर येत नसे. पाणी हवे असो की दार लावावयाचे असो, ती "ते… ते…" एवढेच म्हणे. माझ्याकडे पाही, माझे नाव घेऊ पाही, आणि "ते" म्हणून डोळे मिटून घेई. शब्दांवर पोट भरणाऱ्या मुलास आपल्या आईसाठी एकही शब्द मिळवून देता येऊ नये, याचे दुःख मी येथे अधिक वर्णन करीत नाही.

रुग्णालयातून घरी आल्यावर पाच-सहा आठवड्यांनी एका दुपारी ती डाव्या हाताने मेथी निवडीत बसली होती. शेजारी माझी सात वर्षांची मुलगी आजीचीच एक चाल गुणगुणत होती. शब्द तिला येत नव्हते. आईने मान हलविली, मग तीही गुणगुणू लागली, आणि दुसऱ्या फेरीस त्या चालीत शब्द उतरले. अस्पष्ट होते, पण सगळे होते. संपूर्ण ओवी झाली, आणि तिच्यात माझे नावही जागच्या जागी आले. मी दारात उभा होतो. ओवी संपल्यावर मी पुढे होऊन विचारले, "आई, माझे नाव काय?" ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ते."

वाचकहो, या प्रसंगाचा अर्थ काय, असे मी आईच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना विचारले. त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. असे रुग्ण त्यांनी पुष्कळ पाहिले होते. नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो. त्यातील जे पक्के वाटले, ते थोडक्यात सांगतो.

ही गोष्ट नवी नाही. १७४५ साली स्वीडनमधील ओलोफ डालिन या लेखकाने अशाच एका मनुष्याची हकीकत लिहून ठेवली आहे. आजारानंतर त्यास 'होय' याखेरीज काही बोलता येत नसे. परंतु पूर्वी शिकलेली स्तोत्रे तो चर्चमध्ये इतरांबरोबर स्पष्ट गात असे. पुढे १८६१ साली पॅरिस येथे ब्रोका या शल्यविशारदाने 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली आणि डाव्या बाजूच्या पुढील भागास इजा झाल्याने वाचा जाते, हे दाखविले. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र डावीकडेच असते. गाण्यास मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंचे साहाय्य मिळते.

या जाणिवेतूनच १९७३ साली अमेरिकेतील बोस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी एक उपचारपद्धती मांडली. 'पाणी दे', 'बरे वाटते' अशी नित्याची लहान वाक्ये रुग्णाकडून उंच व खालच्या अशा दोन स्वरांत म्हणवून घ्यावयाची, त्याच वेळी त्याच्या डाव्या हाताने ठेका धरावयाचा, आणि मग हळूहळू चाल कमी करीत ते वाक्य साध्या बोलण्यावर आणावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. ही पद्धती सर्वांस सारखी लागू पडत नाही. ज्यांना दुसऱ्याचे बोलणे समजते, पण स्वतःस बोलता येत नाही, त्यांना तिचा अधिक उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. २०११ साली जर्मनीतील संशोधकांनी अशा रुग्णांची बारकाईने परीक्षा केली, तेव्हा असे दिसले की, शब्द परत आणण्याचे काम केवळ सुरांचे नसते. त्यात ठेक्याचा वाटा मोठा असतो, आणि शब्द पूर्वीपासून किती पाठ आहेत, याचा त्याहून मोठा. म्हणजे नवे गाणे ऐकवून फारसे साधत नाही. जे लहानपणापासून हजार वेळा म्हटले गेले, तेच अडचणीच्या वेळी पुढे येते. आईच्या ओठांवर जी ओवी आली, ती तिने सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आजीच्या मांडीवर कमावली होती. आपण ज्यास पाठांतर म्हणून नाके मुरडतो, ती वस्तुतः कंठात पुरून ठेवलेली ठेव आहे. घरास आग लागली तरी ती जळत नाही.

आता आपण म्हणाल, हे आजाऱ्याचे झाले. धडधाकट माणसास गाण्याचा काय लाभ? तर तो मुख्यतः श्वासाचा लाभ आहे. आपण घाईत, चिंतेत असतो तेव्हा श्वास उथळ व जलद होतो. गाताना असे चालत नाही. चरण पुरा होईपर्यंत श्वास पुरवावा लागतो. म्हणून आपण झटकन आत घेतो आणि सावकाश बाहेर सोडतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचा धर्मच आहे. २००१ साली इटलीतील काही वैद्यांनी २३ माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा षडक्षरी मंत्र म्हणवून घेतला. दोहोंच्या पठणात श्वासाचा वेग मिनिटास सुमारे ६ वर आला आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ सुधारलेला आढळला. धर्म दोन, भाषा दोन, पण श्वास एकच! २०१३ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे असे दिसून आले की, एकत्र गाणाऱ्यांचे श्वास एकाच वेळी चालतात आणि त्यामुळे त्यांच्या हृदयाची गतीही एकदम वाढते व एकदम कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांसंबंधीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यातही गायनास मानाचे स्थान आहे.

हे प्रयोग आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते; पण त्यांचे फळ त्यांच्या अनुभवास आलेले होते. संत जनाबाई दळावयास बसली म्हणजे प्रत्यक्ष विठ्ठल येऊन जात्याच्या खुंट्यास हात लावी, अशी कथा आहे. तिचा अर्थ मला आता निराळा लागतो. दळण्याचे कष्ट गाण्याने सरत नाहीत. धान्य तेवढेच असते, दगडही तेवढाच जड असतो. परंतु ते कष्ट एकटीचे राहत नाहीत. खेड्यापाड्यांतील बायांनी माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकरांची काळजी हे सारे जात्यापाशीच बोलून घेतले, कारण दुसरे कोणी ऐकावयास नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील अशा १,००,००० हून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत देवाचे नाव आणि घरचे दुःख एकमेकांस लागूनच येतात. गाणाऱ्या बाईस ही दोन निराळी खाती वाटलीच नाहीत.

वारकऱ्यांच्या भजनातही हेच आहे. तेथे टाळकरी निवडताना कोणी गळ्याची परीक्षा घेत नाही. शंभर जण एका अभंगात मिसळले की, एखाद्याचा चुकलेला सूर त्यातच विरून जातो, आणि त्याबरोबर त्या माणसाचा 'मी'ही घटकाभर विरतो. अध्यात्माची याहून सोपी व्याख्या मला तरी सापडलेली नाही. आपण महाराष्ट्राबाहेर राहता, म्हणून हा वारसा दूर राहिला असे समजू नये. पंजाबातील वाचकांनी जवळच्या गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकावे. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. आसामातील नामघरांत शंकरदेवांच्या परंपरेचे नामकीर्तन आजही चालते. गांधीजींच्या साबरमती आश्रमात पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी निरनिराळ्या प्रांतांतील व भाषांतील भजने एकत्र करून 'आश्रम भजनावली' सिद्ध केली. खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, स्वतः उत्तम गवई. पण आश्रमाच्या प्रार्थनेत चरखा चालविणारे, स्वयंपाक करणारे, झाडलोट करणारे असे सर्वजण गात असत.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. गाणे हे औषधाच्या जागी नव्हे. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी दिसले तर हात शेकीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते, आणि जितके लवकर द्यावे तितके अधिक गुणकारी ठरते. आम्ही दवडलेला वेळ कोणतीही ओवी परत आणू शकली नाही. मन फार खचलेले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तरीही वैद्याकडे जावे. गाणे सोबतीला घ्यावे. त्यास वैद्य करू नये.

आता घरी काय करता येईल, ते सांगतो. प्रथम म्हणजे घराचे असे एक गाणे ठरवावे. आरती असो, अभंग असो, अंगाईगीत असो की शाळेतील प्रार्थना असो. सर्वांस पाठ असावे, एवढीच अट. ते दररोज ठराविक वेळी म्हणावे. दिवेलागणीची वेळ चांगली. चाल संथ असावी आणि पट्टी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीस झेपेल अशी खालची असावी. दहा मिनिटे पुष्कळ झाली. कोणी चुकले तर हसू नये आणि दुरुस्तही करू नये. ज्यास लहानपणी एकदा 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले गेले, तो जन्मभर तेच करीत राहतो, हे मी अनुभवाने सांगतो. मुलांना अर्थ कळत नसला तरी शब्द पाठ करू द्यावेत. अर्थ मागाहून येतो, आणि कधी कधी फार मागाहून येतो.

घरात वाचा गेलेले कोणी असेल, तर त्यांच्या आवडीचे जुने गाणे आपण सुरू करावे, हाताने हळूच ठेका धरावा आणि चरणाचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडून द्यावा. शब्द आला नाही तर आग्रह न करता पुढे जावे. हे सर्व वाचा-उपचार करणाऱ्यांच्या सल्ल्याने करणे अधिक श्रेयस्कर. ज्यांच्या घरी आजी किंवा वृद्ध आई आहे आणि जिला जुन्या ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी येतात, त्यांनी त्या या आठवड्यातच लिहून घ्याव्यात. भ्रमणध्वनीवर आवाजही साठविता येतो. माझ्यापाशी आईच्या निरोगी आवाजातील एकही ओवी नाही. ती रोज गात होती, म्हणून साठवावी असे कधी वाटलेच नाही.

आईची प्रकृती आता बरीच स्थिर आहे. उपचारांनी आणि नित्याच्या अभ्यासाने काही शब्द तिला परत मिळाले आहेत: पाणी, नको, ऊन, चहा, नातीचे लाडके नाव. माझे नाव अजून नुसते बोलून येत नाही. ते हवे असेल तर मला ओवीच धरावी लागते. म्हणून संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी तिच्यापाशी बसतो आणि माझ्या भसाड्या आवाजात आजीची ती ओवी सुरू करतो. एका ठराविक जागी मी थांबतो. तेथे माझे नाव आहे. बहुतेक दिवशी ती ते घेते. ज्या दिवशी घेत नाही, त्या दिवशी आम्ही ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. मुलगी अभ्यास करीत असते. ती एकदाही "बाबा, जरा हळू" असे म्हणालेली नाही.

आपल्या घरी कोणते गाणे म्हटले जाते, ते आम्हांस अवश्य लिहून कळवावे. आणि म्हटले जात नसेल, तर आज दिवे लागल्यावर घरातील सर्वांत थोर माणसास एवढेच विचारावे, "तुमच्या लहानपणी घरात काय म्हणत असत?" पुढचे काम त्यांचा कंठ करील.